गार टायरची हवा

टायरला हात लावायचा तो उलटा. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा, बोटांच्या पाठीकडून. डॉक्टर माझ्या पंपावर आले की गाडीतून उतरून आधी चारही टायरांची अशी विचारपूस करायचे, आणि मग हवा भरायच्या कामावर असलेल्या गजाननकडे वळून म्हणायचे, "गार आहे. मोज."

टायर गरम असला तर मोजू द्यायचे नाहीत. "आता नाही. गरम असताना कोणीबी मोठा आकडा दाखवते."

हे ते माणसांनाही लावायचे. एकदा सुट्या पैशांवरून दोन ट्रकवाले माझ्या टेबलासमोर हमरीतुमरीवर आले. डॉक्टर पेट्रोल भरून जायला निघाले होते. जाता जाता मला म्हणाले, "ताई, यायले आधी चहा पाजा. गार होऊ द्या. मंग बोला." चहाचं मी केलं नाही, पण थांबले. पाच मिनिटांत दोघं आपोआप निघून गेले.

यवतमाळहून नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा पेट्रोल पंप आहे. पंपावर माणूस थोडाच वेळ थांबतो, पण तेवढ्यात कळतो. टाकीचं झाकण कोण स्वतः उघडतं, आणि कोण काचही खाली न करता नुसतं बोट दाखवतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. हवेकडे मात्र कोणी बघत नाही. 'टाका अंदाजानं' म्हणतात आणि फोनवर बोलत राहतात. डॉक्टर हवा मोजायचा स्वतःचा गेज घेऊन यायचे. पितळी, गोल तबकडीचा, जुन्या सुती रुमालात गुंडाळलेला.

ते भूल देणारे डॉक्टर. अर्ध्या यवतमाळला त्यांनी झोपवलं असेल, पण त्यांचा चेहरा फारसा कोणाला आठवायचा नाही. मला आठवतो, कारण मला त्यांनी टेबलावरून परत पाठवलं होतं. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं. सर्जन हातमोजे घालून उभे, बाहेर माझे नातेवाईक डबे घेऊन बसलेले. डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सांगितलं, "आज नाही." सर्जन चिडले. मीही चिडले, पंप दुसऱ्यावर सोपवून आले होते. "ताई, पंप कुठं पळून चालला? तुम्ही आज फिट नाही." आठ दिवसांनी ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांच्या 'नाही'शी मी कधी वाद घातला नाही.

त्यांचा मुलगा नोकरीला लागला त्या वर्षी त्यांनी ती गाडी घेतली. निळी, बुटकी, चार माणसं बसतील न बसतील अशी, आणि आवाज असा की रस्त्यावरची गुरं मागे वळून बघायची. गावाला मोठी करमणूक झाली. "डॉक्टरसाहेब आता पोरगी पाहायले चालले काय?" असं गजानननं त्यांच्या तोंडावर विचारलं. "पाहिली," डॉक्टर म्हणाले. "हे काय, उभी हाय तुह्यासमोर." गाडी जमिनीला इतकी टेकलेली की प्रत्येक स्पीडब्रेकर तिरपा ओलांडावा लागायचा. आमच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर भरपूर. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, डॉक्टर दारू टाकून आले.

गजानन मूळचा मारेगावकडचा. त्याच्याशी डॉक्टरांचं एक भांडण दर उन्हाळ्यात चालायचं. आमच्याकडे ऊन असं पडतं की डांबर मऊ होतं, आणि टायर फुटतील या धास्तीनं लोक उन्हाळ्यात हवा कमी ठेवतात. गजाननही तेच करायचा.

"अरे, कमी हवेनंच टायर तापते," डॉक्टर सांगायचे. "पोट जमिनीले घासत चाललेला माणूस तापन का ताठ चाललेला?"

"मले तं दोघंबी तापलेलेच दिसतात साहेब. मे महिना हाय."

ट्रॅकचं खूळ त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. हैदराबादकडे गाड्या पळवायचा एक ट्रॅक आहे. तिथं ठरावीक दिवशी कोणीही पैसे भरून आपली गाडी घेऊन जाऊ शकतं. शर्यत नसते. वळणांचा मोकळा रस्ता, समोरून कोणी येत नाही, मधे गाय नाही, आणि स्पीडब्रेकर तर नाहीच. डॉक्टर त्याबद्दल असं बोलायचे जसं आमच्या घरी काशीबद्दल बोलतात. पण दर वर्षी काहीतरी निघायचं. कोणाचं तरी ऑपरेशन, कोणाचं तरी बाळंतपण.

मग एका थंडीत मला त्यांच्या गेजचा आवाज वेगळा यायला लागला.

गेज वॉल्व्हवर नीट बसला तर एकच बारीक 'फस्' येतो आणि काटा स्थिर होतो. इतकी वर्षं डॉक्टरांचा तसाच यायचा. आता आवाज लांबायला लागला. हात हलायचा, गेज तिरका व्हायचा, हवा निघून जायची. मग ते पुन्हा भरून घ्यायचे, पुन्हा मोजायचे, पुन्हा निघायची.

"साहेब, मोजता मोजता टायर बसवसान," गजानन म्हणाला. डॉक्टर हसले. मग गेज रुमालासकट माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्ही लावा. मी वाचतो."

मी लावला. एकच 'फस्' आला. त्यांनी आकडा वाचला, आणि गजानन पाईप गुंडाळायला गेल्यावर म्हणाले, "भूल देणं बंद केलं मी. दिवाळीपासून."

मी विचारलं, "कंपवात?"

"हो. गोळी घेतली की दोन-तीन तास हात ऐकतो. तेवढ्यात ट्रॅक होते. यंदा नाही गेलो तर मंग नाही."

"वहिनींना माहीत आहे?"

"तीच घेऊन चालली मले. तिचं म्हणणं, 'ताईलाही घ्या. माझं तं तुम्ही ऐकत नाही.'"

माझी मुलगी हैदराबादला असते. मला जायचंच होतं. मी हो म्हटलं.

निघायच्या सकाळी गजानननं विचारलं, "किती ठेवू?"

"रस्त्यासाठी नेहमीचीच. तिथं गेल्यावर काढीन. ट्रॅकवर टायर लय तापते, हवा आपोआप वाढते. म्हणून सुरुवात कमीपासून."

गजानननं पाईप खाली ठेवला. "म्हणजे तापाचं असन तं कमीच ठेवा लागते. मी दहा वर्षांपासून काय सांगून राह्यलो?"

"तुझं उत्तर बरोबर, कारण चूक," डॉक्टर म्हणाले. पण ते गजानननं ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत आख्ख्या रस्त्याला कळलं होतं की डॉक्टरसाहेब शेवटी लायनीवर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर आम्ही चारही टायरांची हवा तीसपर्यंत उतरवली. गेज मी धरायचा, आकडा ते वाचायचे, आणि वहिनी पाण्याची बाटली व गोळ्यांची डबी घेऊन खुर्चीत. आजूबाजूला सगळी तरुण पोरं. त्यातल्या एकानं मला विचारलं, "आंटी, आप मेकॅनिक हो?" मी म्हटलं, "पंपवाली हूं." त्यानं मान डोलावली आणि आपल्याही टायरला गेज लावून घेतला.

पहिल्या फेरीहून डॉक्टर आले ते लाल होऊन. इंजिन बंद करायच्या आत ओरडले, "लवकर, गार व्हायच्या आत." आयुष्यात पहिल्यांदा ते गरम मोजायला सांगत होते. पुढच्या डाव्या टायरचा काटा पार अडतीसवर. ट्रॅकची वळणं बहुतेक उजवीकडची, म्हणून सगळा भार डावीकडे. टायरला हात लावला तर चटका बसला. "पाहा," ते वहिनींना म्हणाले, "पाहा कसा तापला." वहिनी म्हणाल्या, "तुम्हीही तेवढेच तापले. पाणी घ्या." आम्ही थोडी थोडी हवा सोडून चारही टायर त्यांच्या हिशेबात आणले. ते पुन्हा गेले.

दुसऱ्या फेरीहून आले आणि मी गेज लावला, तर काटा चढलाच नाही. सोडून ठेवली होती त्याहूनही कमी. मला वाटलं गेज बिघडला. दुसरा टायर पाहिला, तिसरा पाहिला. तेच. हात लावला. कोमट.

डॉक्टर गाडीतच बसून होते. नेहमी वाकून आकडा स्वतः वाचायचे. या वेळी विचारलं, "किती आहे?"

मी सांगितला.

"गेज बरोबर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिसऱ्या वळणावर पाय ब्रेकवरून उचलायचा होता. मी उचल म्हटलं. तो उचललाच नाही. मागचा पोरगा कसाबसा बाजूनं निघाला. मंग हळूहळू घेऊन आलो."

हात ऐकत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पायाचं त्यांनाही नवीन होतं.

तिसऱ्या फेरीची शिट्टी झाली. वहिनींनी डबी उघडून गोळी तळहातावर काढली. त्यांनी 'जाऊ नका' म्हटलं असतं तर ते समजण्यासारखं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही. गोळी पुढे धरली.

डॉक्टरांनी गोळीकडे पाहिलं, मग ट्रॅककडे. गाड्या रांगेत लागत होत्या. मला मेकॅनिक समजलेला पोरगा हात हलवून त्यांना बोलावत होता.

"नको," ते म्हणाले. "गोळीच्या भरवशावर फिट झालेला पेशंट मी टेबलावर घेतला नसता." आणि त्यांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं.

वहिनींनी गोळी परत डबीत ठेवली.

टायर पूर्ण गार होईपर्यंत त्यांनी आम्हाला रस्त्याची हवा भरू दिली नाही. आम्ही सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. ते पहिल्या फेरीबद्दलच बोलत होते. कुठल्या वळणाला कशी घेतली, किती उशिरा ब्रेक मारला. दुसरीबद्दल पुन्हा कधीही बोलले नाहीत. मग हवा भरली आणि किल्ली वहिनींना दिली.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. गाडी वहिनी चालवतात. पंपावर येतात त्या भर दुपारी, टायर तापलेले असताना. गजानन सांगतो, "बाई, आता नाही मोजत. सकाळी या." त्या हो म्हणतात आणि पुन्हा दुपारीच येतात.

पण मला ते आठवतात परतीच्या रस्त्यावरचे. मुलीकडे मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो होतो. वहिनी चालवत होत्या, डॉक्टर त्यांच्या शेजारी, मी मागे. दोन सीटांच्या फटीतून मला त्यांचा उजवा पाय दिसत होता. निर्मल गावाच्या पुढे घाट लागला. वळण आलं की वहिनी ब्रेक मारायच्या, आणि मग, थोडं थांबून, अगदी वळणाच्या तोंडाशी, डॉक्टरांचा पाय, तिथं ब्रेक असल्यासारखा, खालच्या मॅटवर दाबला जायचा. वळण संपेपर्यंत तसाच राहायचा. बाहेर बघत ते तो पाय हळूच दोन्ही हातांनी उचलून मागे घ्यायचे, पुढच्या वळणासाठी.