सतरा नंबरचा कान

वेइ स्युफांगचा कान आधी किड्यांनी घडवला, मग कळांनी.

क्वांगशी प्रांतात, हेछीच्या डोंगरात तिचं माहेर. तिथं घरोघर रेशमाचे किडे पाळतात. फळीवर तुतीचा पाला पसरला की हजारो किडे एकदम खायला लागतात आणि घरभर आवाज भरतो, भाताच्या तुसावरून कुणी अनवाणी चालावं तसा. तिची आई फळीपाशी डोळे मिटून उभी राहायची आणि म्हणायची, "ही तिसरी फळी आजारी आहे." दोन दिवसांनी त्याच फळीवरचे किडे माना टाकायचे. सात वर्षांची असताना स्युफांगलाही ते ऐकू यायला लागलं. आजारी किडा कमी खातो असं नाही. तो अडखळत खातो.

एकोणिसाव्या वर्षी ती कारखान्यांच्या शहरात, डोंग्वानला आली. बुटांच्या कारखान्यात चार वर्षं, खेळण्यांच्या कारखान्यात पाच. मग कीबोर्डाच्या कारखान्यात शिरली ती तिथलीच झाली. तिथं सगळे तिला फांग-जिए म्हणत. जिए म्हणजे थोरली बहीण, पण वयानं मोठ्या बायाही तिला जिएच म्हणायच्या. मान होता तो कानाचा.

कारखान्यात शंभर युआनच्या आत विकला जाणारा माल निघायचा. विद्यार्थी घ्यायचे, नेट कॅफेवाले घ्यायचे. कीबोर्ड मात्र खऱ्या स्विचचा. प्रत्येक कळीखाली स्प्रिंग, तांब्याची पाती आणि वरखाली सरकणारी प्लास्टिकची दांडी. तयार कीबोर्ड फांग-जिएसमोर यायचा. ती दोन्ही हातांची बोटं ओळीओळीवरून फिरवायची, अकरा सेकंदांत एकशेचार कळा. संगणकाच्या पडद्यावरचे चौकोन हिरवे झाले की कळ चालते हे कुणालाही दिसायचं. फांग-जिए पडद्याकडे बघायचीच नाही. कळ आज चालते हे पडदा सांगायचा, किती दिवस चालेल हे तिचा कान. माल पास झाला की कीबोर्डाच्या पोटाला तिच्या नंबराचा गोल स्टिकर लागायचा. सतरा.

ही दांडी ज्या साच्यात ओततात तो जुना झाला की तिच्या कडेला प्लास्टिकची कूस येते, कुसळासारखी बारीक. डोळ्याला दिसत नाही, मापात सापडत नाही. पण कळ दाबली की फांग-जिएच्या कानाला एक बारीक खर्र लागायची. ती हात वर करायची आणि हॉलमध्ये ओरडायची, "मो शिफू, तीन नंबरचा साचा थकलाय!"

शिफू म्हणजे उस्ताद; मो शिफू साच्यांचा उस्ताद. मूळ हूनान प्रांताचा, बारीक, काळा, तोंडानं तिखट. मशीन बंद करायचा, साचा उतरवायचा, हिऱ्याच्या लेपानं आणि लाकडाच्या काडीनं घासायचा. साच्याला लटकवलेल्या कार्डावर तारीख लिहायची आणि पुढच्या रकान्यात कुणाच्या सांगण्यावरून साचा उतरवला त्याचा नंबर, हा तिथला नियम. मशीन थांबलं की माल थांबतो, म्हणून कारण लागायचं. मो शिफूच्या कार्डांवर बहुतेक ठिकाणी सतराच असायचा.

"तुझा कान आहे की डासाचं नाक?" तो म्हणायचा.

"डासाला नाक असतं का, शिफू?"

"क्वांगशीच्या डासांना असेल. तुम्ही लोक कुठंही काहीही चिकटवता."

खोक्यावर छापलेलं असायचं की एकेक कळ पाच कोटी वेळा दाबली तरी टिकते. ते वाचून मो शिफू एकदा म्हणाला होता, "पाच कोटी? मोजायला कोण बसलं होतं, खोका छापणाऱ्याची सासू?" सगळ्या बाया हसल्या. पण मग तो हळूच म्हणाला, "महागाचा माल कुणीही चांगला करील. शंभर युआनात टिकाऊ करायचा, तर त्याला माणूस लागतो." फांग-जिएनं ते मनात ठेवलं. गरिबाच्या पोरानं घेतलेली वस्तू वर्षभरात मोडली तर लाज त्या पोराला वाटते, बनवणाऱ्याला नाही. हे तिला पटत नसे. सतरा चिकटवताना ती अंगठा जरा जोरानं दाबायची.

अशी अठरा वर्षं गेली. शेवटच्या काही वर्षांत साचे फारसे थकेनासे झाले. फांग-जिएला हात वर करावाच लागेना. लोक म्हणायचे, जिएच्या धाकानं साचेही सरळ झाले. तिलाही ते गोड लागायचं.

मग एका सकाळी मॅनेजर क्वांगनं तिला तीन नंबरच्या मशीनपाशी बोलावलं. मशीन बंद होतं. मो शिफू तेलकट हातांनी उभा होता. क्वांगच्या हातात साच्याचं कार्ड होतं.

"या महिन्यात हे मशीन चार वेळा थांबलं," क्वांग म्हणाला. "चारी वेळा कार्डावर सतरा आहे. जिए, तू सांगितलंस?"

तिनं कार्ड घेतलं. सतरा, सतरा, सतरा, सतरा. अक्षर मो शिफूचं. तिनं एकदाही हात वर केला नव्हता. तिचे कान तापले. तिचा नंबर, आणि तिला न विचारता!

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "आवाज स्वच्छ होता. चारी वेळा."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? माझा कान मला माहीत आहे. साचा थकला असता तर मला कळलं नसतं का?"

लाइनवरच्या बाया हात थांबवून बघत होत्या. मो शिफूनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच तिला जास्त लागलं. चोर सापडला की निदान मान तरी खाली घालतो.

"लाओ मो?" क्वांगनं मो शिफूकडे वळून विचारलं.

"ती खरं बोलते," मो शिफू म्हणाला. "माझ्या हाताला घासायची खोड लागलीय. मशीन थांबवायला कारण हवं म्हणून मीच लिहिलं."

खोटी नोंद केली म्हणून त्याला काढलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. दुसरीकडे कुठं लागणार? गुरुवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यानं काड्या, लेपाच्या डब्या, कानशी कापडात गुंडाळल्या आणि तो फाटकाबाहेर पडला. फांग-जिए जेवणघरातून उठली नाही. समोर बसणारी यानमेइ म्हणाली, "जिए, निदान फाटकापर्यंत तरी जा."

"माझ्या नंबरानं खोटं बोलणाऱ्या माणसाला मी पोचवायला जाऊ? भात खा तू."

साच्यांवर आलेल्या नव्या माणसाला मशीन थांबवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. असे सात-आठ महिने गेले. नव्या वर्षाच्या सुट्ट्या झाल्या, लोक गावाहून परतले. त्याच सुमारास क्वेइयांग शहरातल्या एका नेट कॅफेतून तीनशे कीबोर्ड परत आले. चार महिन्यांत कळा डगमगत होत्या, अडकत होत्या, एकदा दाबलं की दोन अक्षरं उमटत होती. क्वांगनं चाळीस-पन्नास कीबोर्ड टेबलावर पालथे मांडले. सगळ्यांच्या पोटाला सतरा.

फांग-जिएनं एक सुलटा केला. ओळीओळीवरून बोटं फिरवली. "ठीक तर आहे," ती म्हणाली.

यानमेइ टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिनं तोंड वाकडं केलं.

"काय गं?"

"जिए... हे खरखरतंय. दातांत वाळू आल्यासारखं."

"कुठली कळ?"

"सगळ्याच."

फांग-जिएनं एक कळ उपटली, स्विच काढला आणि कानाशी धरून दाबला. परत दाबला. काही नाही. स्वच्छ. तिनं डोळे मिटले. मग कान सोडून दिला आणि नुसत्या बोटाकडे मन लावलं, तेव्हा बोटाला ती कूस लागली, खडबडीत, मांजराच्या जिभेसारखी. ही नवी कूस नव्हती. अशी कूस यायला महिने लागतात, आणि इतके महिने ती तिच्या कानाजवळून गेली होती.

ती सरळ साच्यांच्या खोलीत गेली. भरलेली जुनी कार्डं तिथं तारेत ओवून ठेवलेली होती. तिनं ती खाली जमिनीवर पसरली. जुन्या तारखा तिला आठवत होत्या: चंद्रोत्सवाच्या आदल्या दिवशी ओरडली होती तो सतरा, लाइट गेली त्या आठवड्यातला सतरा. पुढे तीन वर्षांपूर्वीची तारीख आली, आणि तिथून पुढचा एकही सतरा तिला आठवेना. दर दहा-बारा दिवसांनी, शेवटी तर आठवड्याला, साचा उतरवलेला. दर वेळी तिचा नंबर, त्याच्या अक्षरात. चार नव्हे, नव्वदच्या वर असतील. ती ज्यांना गुणी साचे म्हणत होती ते तीन वर्षं बिघडतच होते आणि तिच्यापर्यंत पोचायच्या आधी एक माणूस ते घासून ठेवत होता. तिचा कान शाबूत आहे हे कारखान्याला कळत राहावं म्हणून नंबरही तिचाच घालत होता.

त्याच दिवशी ती क्वांगकडे गेली.

"मो शिफूला परत बोलवा. चूक माझी आहे. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं येत नाही."

क्वांगनं चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. "तीन नंबरचा साचा भंगारात गेला, जिए. आता साचा घासायचाच नाही, मोडेपर्यंत चालवायचा आणि दुसरा आणायचा, असं वरून ठरलंय. त्याला बोलावून मी देऊ काय करायला?" मग चष्मा परत चढवून म्हणाला, "तू उद्यापासून पॅकिंगला ये."

मे महिन्याच्या सुट्टीत ती गाडीनं हूनानमधल्या शाओयांगला गेली आणि तिथून बसनं त्याच्या गावी. मो शिफू अंगणात कुणाचा तरी पाण्याचा पंप उघडून बसला होता. तिला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

"जेवलीस?"

"जेवले."

"खोटं. बसमध्ये कोण जेवतं?" त्यानं सुनेला हाक मारून धुरातलं मांस आणि भात मागवला. तो तिच्याकडे तोंड करून, सावकाश, मोठ्यानं बोलत होता.

"शिफू, तुम्हाला कधी कळलं?"

"तुझ्यासमोर एक खराब कीबोर्ड आला होता. तू सतरा चिकटवून पुढे ढकललास. मी तो पुढच्या टेबलावरून उचलून आणला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आलो होतो सांगायला. दोनदा. दोन्ही वेळा तू मला बघून म्हणालीस, शिफू, आताच्या साच्यांचं पोलाद चांगलं आलंय, नाही? मी म्हटलं, हो."

तिला ते आठवलं. वाटी तिच्या हातात तशीच राहिली.

"सगळ्यांसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं."

"तू खरं तेच बोललीस. तुला ऐकू आलं नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं." त्यानं पंपाचा वायसर उजेडात धरून पाहिला. "खा. तिखट झेपत नसेल तर तसं सांग."

ती खाऊ लागली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाच्या नावावर खपलं. वाटी रिकामी झाली तेव्हा त्यानं विचारलं, "तीन नंबरचा कसा आहे?"

काय सांगायचं ते तिनं वाटेत ठरवलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं. पण या माणसाशी आता खोटं बोलणं तिच्यानं होईना.

"भंगारात दिला. वजनावर."

मो शिफूचे हात थांबले. तिनं सगळ्यांसमोर खोटं पाडलं तेव्हा त्याचा चेहरा हलला नव्हता, आता हलला.

"गंजू नये म्हणून तेल तरी लावून दिला का?"

"नाही, शिफू."

त्यानं मान हलवली. पंप जोडायला घेतला, पण स्क्रू आट्यात बसेना. तिनं पुढे होऊन झाकण धरलं आणि त्यानं धरू दिलं. 

बसची वेळ झाली तशी ती उठली. अंगणाच्या टोकावरून तिनं हाक मारली, "येते, शिफू."

त्यानं हात वर केला. पाठ तिच्याकडे होती. काही बोलला असेल तर ते तिला ऐकू आलं नाही.