भविष्य न सांगणाऱ्या मॅडम

दुपारचा डबा खाऊन झाला की मॅडम टेबलावर हातांची घडी करायच्या, तिच्यावर डोकं टेकवायच्या आणि थोडा वेळ गाढ झोपायच्या. केबिनचं दार सताड उघडं. कंपनीच्या मुख्य अधिकारी सगळ्यांदेखत झोपतात याचं पहिल्या आठवड्यात आम्हाला फार नवल वाटलं. एकाने आदराने दार लोटून घेतलं, तर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "राहू दे उघडं. थकलेलं माणूस दिसलं तर काही बिघडत नाई."

थकलेल्या त्या पहिल्या दिवसापासूनच होत्या. आमची कंपनी वर्ध्यात आर्वी नाक्याकडे, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन, ओलावा, शेतकऱ्याचं नाव, सगळं आपोआप संगणकात जायचं. ही कंपनी उभी केली भाऊंनी. भाऊ स्वप्नाळू माणूस. दर दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर आम्हाला एक नवं स्वप्न मिळायचं: यंदा नागपूर, पुढच्या वर्षी बंगळूर. मग भाऊंचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मुंबईच्या गुंतवणूकदारांनी मॅडमना आणून बसवलं. त्या मूळच्या पुलगावच्या. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या डेपोत कामगार होते. हैदराबादेत मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून त्या वडिलांजवळ परतल्या होत्या आणि पुलगावहून रोज रेल्वेने ये-जा करायच्या.

पहिल्या सभेला आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. मोठा पडदा लावून ठेवला होता, तो त्यांनी सुरूच केला नाही. कुणीतरी धीर करून विचारलं, "मॅडम, कंपनीचं पुढं काय?"

"ते मले नाई सांगता येत," त्या म्हणाल्या. "सांगणारे लय भेटतीन तुम्हाले. मी फक्त काय बंद करायचं ते सांगू शकते."

हैदराबादहून आलेल्या बाईंच्या तोंडी आमचीच बोली ऐकून आम्ही हसलो. पण बंद करायच्या गोष्टीचं नाव ऐकलं तेव्हा हसू गेलं. भाऊंचं सगळ्यांत लाडकं काम होतं शेतकऱ्यांसाठीचं मोबाइल ॲप. त्यावर किती माणसं आणि किती रात्री गेल्या होत्या, आणि ते वापरणारं कोणी नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं.

ते भाऊंना सांगायला मॅडम स्वतः गेल्या. घर दाखवायला मी बरोबर होतो. भाऊ उशांना टेकून बसले होते. ऐकून घेतलं आणि चिडले. "मले विचारलं काऊन नाई?"

"विचाराले नाई आली, भाऊ. सांगाले आली. दुसऱ्याकडून तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून."

भाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता निघावं. पण मॅडम बसून राहिल्या. वहिनींनी आणलेला चहा प्यायल्या, गोळ्या कोणत्या कधी घ्यायच्या ते वहिनींना समजावून सांगितलं. निघताना भाऊ भिंतीशीच बोलले, "रविवारी येजो." त्यानंतर त्या बहुतेक रविवारी जायच्या. कंपनीविषयी दोघं काय बोलत, कधी कळलं नाही.

ॲपबरोबर माणसंही गेली. जवळजवळ निम्मी. प्रत्येकाला त्यांनी एकेकटं बोलावून, समोर बसवून सांगितलं, आणि पुढचे कित्येक दिवस नागपूरच्या ओळखीच्या कंपन्यांना फोन करत राहिल्या. गेलेल्यांत माझा मित्र प्रफुल्ल होता. ॲप मुख्यतः त्यानेच लिहिलं होतं. पुढे एकदा मी आणि मॅडम एका जिनिंगला जाताना कारंज्याला धाब्यावर थांबलो, तर पलीकडच्या बाजेवर प्रफुल्ल. मॅडम आपलं ताट घेऊन त्याच्याकडे गेल्या. तो अर्धं जेवण टाकून उठला, हात धुतले आणि मोटरसायकल काढून निघून गेला. त्या तिथेच बसून जेवल्या. गाडीत बसल्यावर मी त्याच्या वतीने माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, "त्याचा राग खरा आहे. माझ्यावर नाई काढन तर घरी जाऊन बायकोवर काढन. माझ्यावरच राहू दे."

कंपनी वाचली. लहान झाली, पण काट्याचं काम इतकं नेटकं चालू लागलं की आदिलाबादकडच्या जिनिंगवाल्यांनीही मागणी केली. आणि चांगली चालते म्हटल्यावर गुंतवणूकदारांनी ती पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला विकली. पुण्याच्या लोकांना मुख्य अधिकारी आपला हवा होता. मॅडमना निरोप समारंभ नको होता. शेवटच्या दिवशी त्या प्रत्येकाच्या टेबलाशी आल्या, अडलेलं काम विचारलं, आणि संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडलं.

"मॅडम, वाईट नाही वाटत?"

"वाटन ना. पण आज नाई. आज नुसतं बसाले पाहिजे." गाडी आली, खिडकीजवळ जागा मिळाली, आणि त्या खरंच नुसत्या बसून राहिल्या. हातसुद्धा हलवला नाही.

नवे साहेब तरुण, हसतमुख. त्यांनी पडद्यावर आमचं पुढच्या दहा वर्षांचं भविष्य रंगीत चित्रांत दाखवलं. चित्रं संपल्यावर, जाता जाता, हेही सांगितलं की काट्याचं आपलं सॉफ्टवेअर पुढल्या हंगामानंतर बंद होईल, मात्र गिऱ्हाइकांना एवढ्यात कळता कामा नये. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आठवड्याभराने हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या शेठजींचा फोन आला. त्यांना नवीन काटा बसवायचा होता. "पुण्याचे लोक म्हणतात, काही बदलणार नाही. तू आंजी गावचा, आपला माणूस. खरं सांग, तुमच्यावर भरवसा ठेवू का?"

समोर साहेब काचेपलीकडे बसलेले दिसत होते. माझं घर याच पगारावर चालतं. मी म्हणालो, "शेठजी, हा हंगाम आणि पुढला हंगाम आम्ही आहोत. त्यानंतरचं दुसरीकडे बघून ठेवा."

फोन ठेवला. जिन्यात जाऊन मी पुलगावला फोन लावला आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शाब्बास म्हणावं, निदान घाबरू नको म्हणावं, असं मनात होतं. पलीकडे त्यांच्या वडिलांचा खोकला ऐकू येत होता.

"साहेबालेही आजच सांगून टाक," त्या म्हणाल्या. "शेठजींकडून कळण्याआधी."

मी फोन खिशात ठेवला आणि जिना चढू लागलो.