एकट्यानं चालवायची मशीन

उटनूरच्या माझ्या दुकानात एक म्हातारे काका दर बाजाराच्या दिवशी येत. लाकूड कापायच्या मशिनींतली सगळ्यात स्वस्त मशीन उचलून, छातीपासून लांब धरून विचारत, "एकट्याले झेपन का, भाऊ?"

मोठी दाखवली की मान हलवत. "चुलीपुरतं लाकूड लागते. वावराच्या धुऱ्यावरची वाळली बाभूळ हाय. मले काय जंगल कापाचं हाय?"

घ्यायचे मात्र नाहीत. मला वैताग यायचा.

त्यांची बायको होती तोवर दोघं मिळून दोन मुठींचा आरा ओढत, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला हे. ती वारल्यावर आरा भिंतीला टांगलेलाच राहिला. शेवटी मीच त्यांना एक वापरलेली, हलकी पण भरवशाची मशीन कमी पैशात दिली.

पुढच्या बाजारी ते ती घेऊन हजर. मी दोरी ओढली, तर पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"चांगली तं चालून राह्यली, काका. मंग वापस काऊन आणली?"

त्यांनी हाताच्या खुणेनंच बंद करायला सांगितलं. दुकान शांत झाल्यावर म्हणाले, "लई आवाज करते. लाकूड कापता कापता म्हातारीसंग बोलता येत नाही."

मी मशीन ठेवून घेतली. आऱ्याचं दुसरं टोक आता कोण धरतं, ते विचारलं नाही.