कर्दळीनं गाळलेलं पाणी

एस.टी.च्या धुळे डेपोत मेकॅनिक म्हणून हात काळे केलेला माणूस निवृत्त झाला की देवळात बसतो, नाहीतर पारावर राजकारण करतो. सोनगीरच्या मोतीलाल आबांनी मासे पाळले. बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी आणि तिच्यात केशरी गोल्डफिश, चांगले तळहाताएवढे झालेले. गावानं त्यांना रिकामटेकडा ठरवून टाकलं, आबांनीही मनावर घेतलं नाही.

दुकानातला फिल्टर त्यांना नको होता. त्यांनी परसात सिमेंटचा हौद बांधला. तळाला विटांचे तुकडे, वर खडी, खडीवर वाळू आणि वाळूत कर्दळ. मोटर टाकीतलं पाणी हौदात आणून सोडी. माशांच्या घाणीवर कर्दळ माजे आणि पाणी नितळ होऊन टाकीत परत जाई. विटांवर काळपट बुळबुळीत थर धरला होता. सून सुलक्षणा त्याला सरळ घाण म्हणे. आबा तिला समजावत, "त्या थरमा जीव शे बेटा. तोच खरा कामगार. आपण नुसता मुकादम."

पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दोन वर्षं आबांना मासे म्हणजे हलणारे केशरी ठिपके होते. दारात कोण आलं, ताटात काय वाढलं, लग्नपत्रिकेवर कोणाचं नाव आहे, सगळं बायको झुंबरबाई सांगायची. ती सांगेल ते आबांना दिसायचं, आणि त्यात त्यांना कधी कमी वाटलं नाही.

ऑपरेशन जळगावला ठरलं. लेक दिपमाला तिथंच राहते, तेव्हा दोन्ही डोळे होईपर्यंत तिच्याकडेच मुक्काम. निघताना आबांनी मुलाला, कुंदनला, काही सांगितलं नाही, सुनेलाही नाही. त्यांनी झुंबरबाईंना बाजूला घेतलं. "हौदले कोनी हात लावाले नको. नळनं पानीबी नको, त्यामा औषध टाकतस. तो थर मरी जाई."

"मी शे ना आठे," झुंबरबाई म्हणाल्या.

महिनाभरानं आबा परतले. पायरीवरचा गेलेला टवका दिसला, कुंदनच्या कानाजवळचे पांढरे केस दिसले, आबा लहान मुलासारखे हरखले. चहाला नको म्हणून ते आधी टाकीकडे गेले. सगळं घर मागं येऊन उभं राहिलं.

"कसे दिसतात आबा?" सुलक्षणानं विचारलं. आवाज जरा जास्तच गोड होता.

मासे केशरी होते. संख्याही बरोबर होती. पण आबांनी काचेवर बोट ठेवलं तसे ते कोपऱ्यात पळाले. आबांचे मासे बोटामागे यायचे. शेपटी फाटलेला म्हातारा मासा कुठंच नव्हता. टाकीतलं पाणी दुधाळ होतं.

आबा तसेच परसात गेले. कर्दळ नवी होती, मुळं अजून धरली नव्हती. वाळू उकरून त्यांनी विटेचा तुकडा काढला. भट्टीतून आत्ताच आल्यासारखा लालभडक. नाकाशी नेला तर ब्लीचिंग पावडरचा वास.

आबा संतापले. तरी ते घरात ओरडत गेले नाहीत. झुंबरबाई मागं येतील, स्वतःहून सांगतील, म्हणून हौदाच्या कडेवर बसून राहिले. त्या आल्या, पण कर्दळीची सुकलेली पानं खुडू लागल्या.

"मासा त्याच शेतस ना?" आबांनी विचारलं.

"त्याच शेतस. दुसरा कोठून येतीन?"

आबांनी विटेचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा तेच विचारलं. दुसऱ्यांदा विचारतोय म्हणजे सांगायला वाट करून देतोय, इतकं तरी पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला कळावं! झुंबरबाई पदर चाळवत राहिल्या, आणि मग एकदम सगळं बाहेर आलं. नातीला, कुंदनच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. परसात चिखलाचा वास येत होता. सुलक्षणानं भुणभुण लावली, पण विटा घासल्या झुंबरबाईंनीच, स्वतःच्या हातानं. पाहुणे हौदाचं कौतुक करून गेले, आणि त्याच आठवड्यात मासे उलटे होऊन वर आले. मग धुळ्याहून तेवढेच, त्याच रंगाचे आणले.

"सांगानं व्हतं," आबा म्हणाले. "मासा मरतस. मी काय तुले खाई टाकतू?"

झुंबरबाई रडू लागल्या. रडता रडता खरं तेच बोलल्या. "वाटनं, तुमले कोठे दिखस..."

माशांचं दुःख आबांनी गिळलं असतं. हे वाक्य गिळेना. आपल्या आंधळेपणावर परक्यानं डाव टाकला असता तर त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या. इथं जिच्या डोळ्यांनी दोन वर्षं पाहिलं, तिनंच त्या डोळ्यांवर हात ठेवला होता. त्या दोन वर्षांत हिनं आणखी काय काय सांगितलं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांना त्याची लाज वाटली, पण तो हलेना.

संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. जळगावला दिपमाला घालायची, इथं ते काम झुंबरबाईंचं. त्या बाटली घेऊन आल्या. आबा नेहमी मान मागं टाकून डोळे उघडे धरत. आज त्यांनी हात पुढं केला, बाटली घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्यावरचं नाव सावकाश, अक्षर अक्षर वाचलं. झुंबरबाई समोर उभ्या राहून बघत होत्या. वाचून झाल्यावर आबांनी बाटली त्यांना परत दिली आणि मान मागं टाकली.