पाच फेऱ्या, शून्य मासे: रोझ नदीवरचा शेवटचा रविवार

गुरुवारी माझं विमान होतं आणि वहीत पाच फेऱ्यांपुढे पाच शून्यं होती.

दोन वर्षं मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. २००६ च्या मार्चमध्ये क्लायंटने आमचं अख्खं मॉड्यूल बंद केलं. मी तपासलेला एकही स्क्रीन कुणी कधी वापरला नाही. मेच्या शेवटी पुण्याला परत या, असा कंपनीचा निरोप आला. आदल्या सप्टेंबरपासून मी व्हर्जिनियाच्या ओढ्यांवर एकटी मासे पकडायला जात होते. पुस्तकं वाचली होती, रॉड चांगला होता, दर वेळी पाण्याचं तापमान, ढग, आमिष, वेळ, सगळं लिहून ठेवलं होतं. मासा एकही मिळाला नव्हता. दोन वर्षांतली एक तरी गोष्ट पुरी करून जायचं, असं मी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

रूममेट वैशालीला मी फक्त एवढंच म्हटलं, "या वीकेंडला दोन दिवस जाऊ या. शनिवारी नदीवर बास मासे, रविवारी ओढ्यावर ट्राउट."

"बाबांना पण घेऊ यार," ती म्हणाली. "मॉल बघून बघून कंटाळलेत ते."

वैशाली नागपूरची. तिचे वडील पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, दोन महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. त्यांची एकच अट होती. "मी मासे खात नाही बरं का. पकडून सोडणार असशील तर येतो."

"सोडायचेच आहेत काका."

"मग पकडायचे काहून?"

मी वही बॅगेत टाकली.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. मासेमारीचं लायसन्स मोठ्या दुकानांत खेळाच्या सामानाच्या काउंटरवर मिळतं. ड्रायव्हिंग लायसन्स न्या, दहा मिनिटांत काम होतं. शेनंडोआ नॅशनल पार्कच्या ओढ्यांत जिवंत आमिष चालत नाही, एकच काटा असलेलं कृत्रिम आमिष लागतं. मी पितळी स्पिनर वापरते. ते बोटाच्या पेराएवढं पान असतं, ओढलं की पाण्यात गरगर फिरतं. काट्याचं उलटं टोक पकडीने दाबून टाकायचं, म्हणजे मासा सोडताना त्याला कमी इजा होते. लांब पँट घाला. गवतात गोचीड असते आणि ती चावलेली कळत नाही.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. ६६ नंबरचा हायवे पश्चिमेला फ्रंट रॉयलपर्यंत, तिथून ३४० दक्षिणेला. डाव्या हाताला ब्लू रिजचे डोंगर सोबत राहतात. रस्ता दुपदरी पण उत्तम. वैशाली मागच्या सीटवर झोपली होती, काका पुढे बसून प्रत्येक पुलाखालचं पाणी वाकून बघत होते. "यांच्या नद्यांना मे महिन्यात पाणी आहे," एवढंच ते दोनदा म्हणाले. तिखट-मिठाच्या पुऱ्या गाडीतच संपल्या.

शेनंडोआ नदीचा दक्षिणेकडचा फाटा या भागात रुंद आणि हिरवट आहे. काठ मऊ मातीचा. आठच्या सुमारास पोचलो. काका आणि मी पाण्याशी गेलो, हातपाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं, बरं वाटलं. मग मी रॉड जोडला. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एका दगडावर पाण्यात पाय सोडून बसले. त्यांच्यापासून प्रवाहाच्या खालच्या बाजूला, पंधराएक पावलांवर, मी रबरी आमिष फेकायला लागले.

दोन तास काही नाही. आमिष तीनदा बदललं. दर वेळी हात चिकट होतात म्हणून धुतले.

साडेदहाला वैशाली गाडीतून डोळे चोळत उतरली. काकांच्या वरच्या बाजूला, झाडाच्या सावलीत जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "केतकी, मला दे नं एकदा!"

मी रॉड तिच्या हातात दिला, दोरीचं बटण कसं सोडायचं ते दाखवलं. पहिलं फेकणं तिच्याच पायाशी पडलं. दुसरं झाडात. तिसरं पाण्यात, आणि रॉड वाकला.

"अगं! अगं हे ओढतंय! बाबा, हे ओढतंय!"

"सोडू नको!" काका पाण्यातच उभे राहिले.

स्मॉलमाउथ बास. पितळी रंग, अंगावर उभे गडद पट्टे, लाल डोळा. वीतभरापेक्षा मोठा. काटा मीच काढला, कारण वैशाली हात लावायला तयार नव्हती. मासा माझ्या बोटांतून गेला. माझा नव्हता.

"एवढं सोपं असतं?" वैशालीने अगदी निरागसपणे विचारलं. त्या वाक्यासाठी मी तिला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

लुरे गावात मोटेल घेतलं. शनिवारी खोली आधीच बुक करा, तिथल्या गुहा बघायला येणाऱ्यांची गर्दी असते. संध्याकाळी सहाला पिझ्झाच्या दुकानात बसलो. मी वही उघडली.

"सुट्टी आहे तिला," वैशाली काकांना म्हणाली. "बग शोधतेय."

चूक कुठे आहे ते शोधतच होते. रॉड तोच, आमिष तेच, वेळ तीच, नदी तीच. फेकणारी अनाडी. वेगळं एकच होतं, ती उभी होती ती जागा. मी काकांच्या खालच्या बाजूला होते, ती वरच्या.

मी वही काकांकडे फिरवली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदी नॅपकिनवर दोन रेघांची नदी काढली, बाणाने प्रवाह दाखवला, एका फुलीला स्वतःचं नाव दिलं. फुलीपासून खाली ठिपके काढत गेले.

"मी पाय हलवतो, तळाची माती उठते. ती कुठे जाणार? खाली. तुझ्याकडे. मासा तोंड कुठे करून असतो?"

"प्रवाहाकडे. वर."

"म्हणजे माझे पाय त्याच्या तोंडात!" काकांनी कपाळाला हात लावला. "अरेरे. दोन तास मीच घाण करून राहिलो."

"पण आधीच्या पाच वेळा तुम्ही नव्हता काका."

"तू होतीस नं. ओढ्यावर पोचल्यावर पहिलं काय करतेस?"

मी उत्तर दिलं आणि देता देताच ऐकलं. "हातपाय धुते."

काकांनी पेन खाली ठेवलं. मग वैशाली इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचं कुटुंब वळून बघायला लागलं.

पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीत सात-आठ डोह. प्रत्येक डोहाशी पोचले की आधी वाकून हात, पाय, तोंड, आणि मग त्याच डोहात गळ. मी वहीत ढगांची टक्केवारी लिहीत होते आणि हे कधी लिहिलं नव्हतं, कारण हे काही 'करणं' आहे असं वाटलंच नव्हतं. आपण नदीपाशी तसेच जातो. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला "आधी पाय धुऊ नका" असं सांगावं लागेल हे सुचणं शक्य नव्हतं.

"आणि आपल्याकडे घाटावर मासे उलट पायाशी येतात," काका म्हणाले. "लाह्या टाकते लोकं. इथल्यांना कोण टाकते लाह्या?"

रविवारी सातला निघालो. २११ नंबरचा रस्ता थॉर्नटन गॅप या खिंडीतून डोंगर ओलांडतो. वळणं जोरदार आहेत, पोट नाजूक असेल तर पुढे बसा. पलीकडे स्पेरीव्हिल, तिथून २३१ दक्षिणेला, मग बँको आणि सीरिया ही दोन चिमुकली गावं. सीरियाच्या दुकानात कॉफी चांगली मिळते. रस्ता जिथे संपतो तिथे पाच-सहा गाड्यांपुरती जागा आहे. पुढे पायवाट रोझ नदीच्या काठाने चढत जाते. नाव नदीचं असलं तरी हा ओढाच. मोठे दगड, छोटे धबधबे, मध्ये खोलीएवढे डोह, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळाचं पान न् पान मोजता यावं.

काका ते पाणी बघून थेट पुढे झाले.

"काका!"

ते एक बूट काढलेल्या अवस्थेत थांबले. "सवय," म्हणाले आणि बूट परत चढवला. त्यांना आणि वैशालीला मी पन्नास पावलं खाली एका सपाट दगडावर बसवलं. "इथून हलायचं नाही. पाण्याला शिवायचं नाही."

"सोवळं आहे काय?" वैशाली म्हणाली.

"आज आहे."

पहिल्या डोहाशी मी उभ्याने गेले. माझी सावली पाण्यावर पडली आणि चार काळ्या रेघा दगडाखाली सुटल्या. डोह वाया गेला. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा मी ट्राउट डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे ते होते. नेहमीच असणार. दुसऱ्या डोहाशी वाकून गेले, स्पिनर फांदीत अडकला, तो सोडवताना पाणी हललं. तोही गेला. हाताला झाडाचा चीक लागला होता. पाणी हातभर अंतरावर होतं. मी हात पँटला पुसले.

तिसऱ्या डोहाशी खालच्या बाजूने, गुडघ्यांवर सरकत गेले. ऊन समोरून होतं, सावली मागे. धबधब्याच्या फेसाला लागून एक गडद पट्टा होता. रॉड आडवा धरून, मनगटाने, फेसाच्या कडेला स्पिनर टाकला. रॉडवरचं रीळ दोनदा फिरवलं.

झटका बसला. तो रॉडला नाही, कोपरापर्यंत बसला.

मासा खाली गेला, दगडाकडे वळला. मी दोरी ताणून धरली, ओढली नाही. तो वर आला, पांढरी कडा चमकली, परत खाली. मला माझा श्वास ऐकू येत होता. मग तो कडेला आला, दमून आडवा झाला.

मासा धरण्याआधी हात ओले करायचे असतात, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. त्या सकाळी मी पहिल्यांदा पाण्यात हात घातले.

ब्रूक ट्राउट. पाठीवर काळपट हिरवी नागमोडी नक्षी, बाजूला लाल ठिपके आणि प्रत्येकाभोवती निळं कडं, पोट नारिंगी, परांना पांढरी किनार. रॉडवर मी इंचांच्या खुणा केल्या होत्या. सव्वासात इंच. काटा एका बोटाने निघाला. तळहातावर त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. तो थोडा वेळ थांबला, कल्ले हलवले आणि माझ्या हातातून स्वतःच्या जोराने गेला.

मी ओरडले. काय ते आठवत नाही. शब्द नव्हता तो.

"मिळाला?" खालून काकांचा आवाज.

"मिळाला!"

वैशाली कॅमेरा घेऊन दगडांवरून धावत आली तेव्हा डोह शांत होता. "थांबायचं नं दोन मिनिटं! आता पुरावा?"

"दुसरा पकडते," मी म्हटलं. आणि पकडला. एक वाजेपर्यंत चार झाले. चौथ्याच्या वेळी काका माझ्यामागे गुडघ्यांवर रांगत आले होते, सदुसष्ट वर्षांचा माणूस, श्वास रोखून. मासा हातात दिसला तेव्हा त्यांनी हात जोडले, नंतर माझ्या पाठीवर इतक्या जोराने थाप मारली की मी जवळजवळ डोहात पडले.

परतताना वॉरेंटनला थांबून जेवलो. चार वाजता हर्नडन. बॅगा भरायच्या होत्या, भरल्या. गुरुवारी निघाले.

पुण्यात पहिल्या रविवारी जेवताना मी आईला फोटो दाखवला. मासा थोडा हललेला, मी चिखलात, केस विस्कटलेले. मी असा चेहरा स्वतःचा कुठल्या फोटोत पाहिला नव्हता.

"ऑफिसचं काय झालं ते सांग आधी," आई म्हणाली. "दोन वर्षं केलंस ते बंदच पडलं ना?"

"हो. बंद पडलं."

"आणि हा मासा?"

"हा मी पकडला."

"आहे कुठे?"

"सोडून दिला."

"म्हणजे हातात काहीच नाही." तिने फोटो परत दिला.

मला वाईट वाटेल असं तिला वाटलं असावं, तिने ताटात न विचारता आणखी भाजी वाढली. मी हसत होते. माझ्या तळहाताला तो जाताना बसलेला जोर अजून बरोबर माहीत होता. व्हर्जिनियाच्या त्या ओढ्यात मी पकडलेले चार मासे पोहत होते, आणि त्यांना तिथे ठेवून येणं हा माझा निर्णय होता.