धुलाईघरातलं बोलणं

"मला ऐकू येत होतं, म्हणून रेकॉर्डरलाही येत असेल असं धरून चालले," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा तिच्या सरांनी कपाळाला हात लावला होता.

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला एक मोठं काम असतं. एकच जागा निवडायची, वर्षभर तिथं जायचं आणि शेवटी चाळीस मिनिटांचा वृत्तांत परीक्षकाला ऐकवायचा. हिनं रुग्णालयाच्या तळघरातलं धुलाईघर निवडलं, कारण तिथं तिची आत्या इस्त्रीच्या मशीनवर होती. आत्या भावाला म्हणाली, "तुझी लेक घरात एक रुमाल धूत नाही, आणि आता धुण्यावर परीक्षा देणार."

तळघरात सहा मशिनं, भिंतींना सतत घाम, आणि आवाज इतका की विचारसुद्धा ओरडून करावा लागे. तिथल्या बायका एकमेकींशी बोलताना घसा वापरतच नसत. ओठ ठळक हलवायचे, भुवया उडवायच्या. वीस पावलांवर चहाडी पोचायची. पण ही पडली पाहुणी. तिच्यासाठी त्या कानाशी येऊन ओरडत, "काम चांगलं आहे. सगळे सांभाळून घेतात." पहिल्या चार शनिवारांचं रेकॉर्डिंग तिनं घरी ऐकलं. शब्दन् शब्द स्पष्ट होता. मग तिनं ऐकणं सोडून दिलं.

पुढं तिला ओठ वाचता यायला लागले. कधीपासून, ते तिचं तिलाही कळलं नाही. बायकांनी तिचं नाव 'बातमी' ठेवलं आणि ओरडणं बंद केलं. आता खरं काय ते निघू लागलं. कुणी गेलं की चादरीवरून नातेवाइकांच्या आधी इथं कसं कळतं. मुकादम तक्रार कशी खिशात घालतो आणि खिसा कसा धुवायला टाकतो. इस्त्रीच्या रुळापुढचा, हात आत जाऊ नये म्हणून लावलेला आडवा दांडा मोडून वर्ष झालं, सुतळीनं बांधलाय, आणि त्यापायी 'काडी' म्हणतात त्या हडकुळ्या बाईची बोटं रुळात गेली. बातमी रेकॉर्डर मांडीवर ठेवून हसायची, डोळे पुसायची, मान डोलवायची.

काम द्यायला नऊ दिवस उरले तेव्हा ती जोडाजोडीला बसली. त्या चार शनिवारांनंतरच्या दहा महिन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मशीन सोडून काही नव्हतं. मधूनच एक शिंक.

"पहिल्या चार शनिवारांवर भागव," सर म्हणाले. "पास होशील."

"सर, ते सगळं खोटं आहे."

"खोटं नाही. सभ्य आहे."

ती आत्याकडे गेली. आत्या पोट धरधरून हसली, मग गंभीर झाली आणि रविवारी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. चौघी आल्या, खुर्च्यांवर ओळीनं बसल्या. समोर रेकॉर्डर. आणि सगळ्यांची दातखीळ बसली.

"इथं किती शांत आहे," काडी कुजबुजली. "बोललेलं सगळं ऐकू जाईल."

"त्यासाठीच तर बोलावलंय, बाई," आत्या म्हणाली.

"काम चांगलं आहे," काडी रेकॉर्डरला म्हणाली.

बातमीनं वही मिटली. म्हणाली, "ठीक आहे, तुमचं मीच सांगते," आणि आठवेल तसं सांगायला लागली. "काडीमावशीची दोन बोटं रुळात गेली, त्या दिवशी..."

"दोन कुठली? दीड. दुसऱ्याचं नखच गेलं."

"दोनच," आत्या म्हणाली. "पट्टी मी बांधली."

"बोट कुणाचं?"

"बोट तुझं, पण शुद्धीवर मी होते."

मग कुणाला आवरता येईना. तिनं एक वाक्य टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून ते उसवायचं. तक्रार दोनदा दिली की तीनदा, सुतळी कुणी आणली, मुकादम त्यावर नेमकं काय म्हणाला. वर्षभरात तिनं त्यांचे आवाज पहिल्यांदाच धड ऐकले. काडीमावशीचा आवाज एवढा जाड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

परीक्षक कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी चाळीस मिनिटं डोळे मिटून ऐकलं. दोनदा हसले.

"तुझं निवेदन स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण या बायका सारख्या मध्ये येतात. दोन बोटं की दीड, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? तेवढं काढ. प्रथम श्रेणी देतो, रेडिओवाल्यांनाही कळवतो. आहे तसं ठेवलंस तर द्वितीय."

सर मागून हळूच म्हणाले, "काढ ना. एका दिवसाचं काम आहे."

"पण मग ते त्यांचं कसं राहील, सर?"

"परीक्षा तुझी आहे, त्यांची नाही."

परीक्षकांनी कागद पुढं सरकवला. त्यावर दोन चौकोन होते: 'बदलांसह' आणि 'आहे तसे'. तिनं सरांकडे पाहिलं, मग सरांचंच पेन उचललं. दुसऱ्या चौकोनात खूण केली, खाली सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि खोलीबाहेर पडली.