सहाच्या मीटिंगची जाहिरात

फरीदाबादच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मालक रोज संध्याकाळी सहाला मीटिंग घेतात. ती आठला संपते, तीही मालकांना भूक लागली तर. वर्षानुवर्षं तिथे मी बसत होतो. माझ्या हाताखाली सहायक घ्यायचं ठरलं आणि जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सोसायटीतलं बॅडमिंटन कोर्ट उभं राहिलं. मी लिहिलं: ‘उत्साही उमेदवार हवा. विविध जबाबदाऱ्या. वेळ फ्लेक्सिबल.’ मीटिंगचा उल्लेख मुद्दाम टाळला.

गाझियाबादहून एक बाई आल्या. माझं मराठी वळणाचं हिंदी ऐकून हसल्या आणि मराठीतच बोलू लागल्या. “सर, तुम्ही आपल्याकडचेच की! मग खरं सांगा, यात काम कुठे लिहिलंय?”

“सगळंच थोडं थोडं. मजा येईल.”

“आणि वेळ? सासरे अंथरुणाला खिळलेत. त्यांच्याजवळची बाई सातला जाते. मला पाचला निघता येईल ना?”

“बिल्कुल,” मी म्हणालो.

त्यांनी आधीची नोकरी सोडली. तिसऱ्याच दिवशी मी त्यांना सहाच्या मीटिंगला बसवलं. “फक्त आजच्या दिवस हं.” असे बरेच ‘आजचे दिवस’ झाले, माझा बॅकहँड सुधारला. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, “काल सासरे दोन तास ओल्या चादरीवर पडून होते.” आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी राजीनामा दिला. जुन्या जागेवर तोवर दुसरं कोणी आलं होतं.

शेवटच्या दिवशी म्हणाल्या, “नवी जाहिरात मी लिहिते, सर. तुम्ही नका कष्ट घेऊ.” पहिली ओळ होती: ‘आठला सुटून घरी किती वाजता पोहोचाल, ते आधी पाहा.’ खाली मीटिंग, पगार, सुट्ट्या, आणि ‘साहेबांच्या वाटची कामं’, म्हणजे माझीच, अशी वेगळी यादी. ती बरीच लांब होती.

मालकांनी कागद उचलला. “वाह यार, कितना साफ़ लिखा है! आपने लिखा?”

“जी,” मी म्हणालो.

डबा पिशवीत टाकता टाकता बाई मला मराठीत म्हणाल्या, “सुचतं हो तुम्हाला, मनात आणलं की.”

कारखान्यामागेच राहणारा एक गृहस्थ रुजू झाला. “आठ तो आठ,” म्हणाला, “घर पे बर्तन ही माँजने हैं.” अजून टिकून आहे. तेव्हापासून सगळ्या जाहिराती माझ्याकडे येतात, कौतुकही होतं. पहिली ओळ मी बाईंचीच ठेवतो. ती माझी नाही, हे आज पहिल्यांदा सांगतोय.